बोर्डावरची हिरवी टिकली

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी येणारा फोन चांगल्या बातमीचा नसतो. बाळ झालं, पास झालो, घर मिळालं, असले फोन लोक दहानंतर, चहाबिहा पिऊन करतात. सात दहाला फोन करणारा माणूस आजारी असतो, आणि तो नसेल तर त्याचं मूल आजारी असतं. श्यामला टिपणीस यांना हे एकवीस वर्षांत पक्कं ठाऊक झालं होतं. म्हणून नोव्हेंबरातल्या त्या बुधवारी ओट्यावर फोन थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी नाव बघायच्या आधी गॅस बंद केला.

फोन डॉनचा होता. डॉन म्हणजे त्यांच्या प्रीस्कूलची उपप्रमुख, चाळिशीतली धडधाकट बाई. "श्यामला, आय ॲम सो सॉरी," ती विहिरीतून बोलल्यासारखी म्हणाली. रात्रभर ती बाथरूममध्येच होती.

"येऊ नकोस," श्यामलाताईंनी सांगितलं. पोट बिघडलेल्याने अठ्ठेचाळीस तास मुलांजवळ फिरकायचं नाही, हा कागद शाळेच्या दारावर त्यांनीच चिकटवला होता. "पाणी पीत राहा. मी बघते."

'मी बघते' हे त्यांचं वाक्य. त्यांचे यजमान सतीश म्हणायचे, हिला न्यायला यमदूत आले तरी ही त्यांना सांगेल, तुम्ही बसा, मी बघते. आत्ताही ते पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले, "काय बघायचंय आज?"

"डॉन नाही."

"आणि सुमन?"

 श्यामलाताईंनी पोह्यांवर झाकण ठेवलं आणि त्या ऐनवेळी बदली माणूस पुरवणाऱ्या एजन्सीचा नंबर शोधायला लागल्या.

'हेजहॉग प्रीस्कूल' इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरात एका कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये भरतं. तीन-चार वर्षांची चोवीस मुलं, सकाळी नऊ ते बारा. मालक कोणी नाही, पालकांची कमिटी शाळा चालवते. संध्याकाळी त्याच हॉलमध्ये बॅडमिंटन खेळतात, त्यामुळे रोज सकाळी सगळी शाळा कपाटातून बाहेर काढायची आणि रोज दुपारी परत कपाटात भरायची. श्यामलाताई तिथे आल्या त्या मुलाला, अर्णवला, सोडायला. तो रडायचा म्हणून दाराशी थांबायच्या. थांबल्याच आहात तर रंग कालवा, असं कोणीतरी म्हणालं. अर्णव मोठा झाला, शिकला, केंब्रिजला नोकरीला लागला. दाराशी थांबलेली आई मात्र तिथेच राहिली. पुण्याची बी.कॉम. बाई वयाच्या चाळिशीत स्वयंपाकघरात बसून बालशिक्षणाचा लेव्हल थ्रीचा डिप्लोमा करत होती, आणि शेजारी अर्णव पाढे लिहीत होता. आता साठीला आल्या होत्या आणि अकरा वर्षं प्रमुख होत्या.

या कामात मुलं सांभाळणं हा सोपा भाग. अवघड भाग म्हणजे मोठ्यांची मोजणी. आठ मुलांमागे एक मोठं माणूस लागतं, म्हणजे चोवीस मुलांना तिघं. तिघांत एक तरी लेव्हल थ्री, उरलेल्या दोघांत एक तरी त्याखालची लेव्हल टू. तिसरं माणूस बिनडिप्लोम्याचं चालतं. हा झाला आकडा. त्याखेरीज, मुलं आवारात आहेत तोवर लहान मुलांच्या फर्स्ट एडचं चालू सर्टिफिकेट असलेलं एक माणूस तिथे हजर हवंच हवं, आणि ते सर्टिफिकेट दर तीन वर्षांनी नव्याने कोर्स करून घ्यायचं. यातलं एक जरी कमी पडलं तरी दार उघडायचं नाही.

यासाठी श्यामलाताईंनी दाराशी एक पांढरा बोर्ड केला होता. त्यावर दोन रकाने. डावीकडे मोजणीतली माणसं, उजवीकडे 'एक्स्ट्रा'. प्रत्येकीच्या नावाची एक चुंबकाची पट्टी, आणि जिच्याकडे फर्स्ट एड आहे तिच्या नावापुढे कुंकवाएवढी हिरवी टिकली. शेजारी काचेच्या चौकटीत सर्टिफिकेटं आणि कुणाचं कधी संपतं याचा तक्ता. रोज आल्याआल्या कोट काढायच्या आधी श्यामलाताई पट्ट्या लावायच्या. घरात देवाला हात जोडायला विसरल्या असतील, बोर्डाला कधी विसरल्या नाहीत.

त्या बोर्डावर सुमनची पट्टी उजवीकडे असायची.

सुमन मूळची नागपूरची. नवरा गिरीश इथल्या आयटी कंपनीत आला, त्याच्याबरोबर सत्तेचाळिसाव्या वर्षी ती आली. तिकडे एकोणीस वर्षं तिने बालवाडी चालवली होती. एका वर्गात चाळीस मुलं, आणि एकालाही आवाज चढवून बोलायची तिला गरज पडत नसे. हे खोटं नव्हतं. जानेवारीत ती 'हेजहॉग'मध्ये आली आणि पहिल्या आठवड्यात चावऱ्या जॅकने चावणं सोडलं. पण तिची पदविका इथे दोनदा तपासायला पाठवली तर दोन्ही वेळा उत्तर आलं की ही आमच्या लेव्हल टूच्या बरोबरीची धरता येत नाही. "मग इथला कोर्स कर," श्यामलाताई म्हणाल्या. "ताई, जे मी तिकडे नव्या शिक्षिकांना शिकवत होते तेच आता शिकू?" सुमनने विचारलं. त्यावर श्यामलाताई बोर्डावरच्या पट्ट्या सरळ करायला लागल्या.

तर डॉन किंवा दुसरी डिप्लोमावाली शिक्षिका केरी, दोघींपैकी कोणी आजारी पडलं की सुमनची पट्टी डावीकडे जायची, ती बरी झाली की पुन्हा उजवीकडे. गरज सरो, वैद्य मरो. सुमन तरी जीव ओतून काम करायची. अनिश नावाच्या एका मुलाला शेंगदाण्याची भयंकर ॲलर्जी होती, नुसत्या बोटाला लागलेल्या कुटाने त्याचा घसा सुजायचा. शाळेत दाणे आणायला सगळ्यांना बंदी होती, पण सुमनने घरातूनच दाणे हद्दपार केले. नागपूरच्या बाईने दहा महिने दाण्याच्या कुटाशिवाय स्वयंपाक केला, याची किंमत मराठी माणसालाच कळेल.

तीन आठवड्यांपूर्वी मात्र डॉन आणि केरी एकाच दिवशी नव्हत्या. एजन्सीकडे माणूस नव्हतं. दारात पालक उभे, मुलांचे हात हातात, कामावर जायची घाई. सुमन पुढे झाली आणि म्हणाली, "ताई, निदान सोळा मुलं तरी घेऊ. मी आहे ना." नियमात ते बसत नव्हतं; दोघींपैकी दुसरी लेव्हल टू लागते. श्यामलाताई सकाळपासून पंधरा फोन करून चिडलेल्या होत्या. त्या सगळ्यांसमोर, सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत बोलल्या, "सुमन, तू असल्याने किंवा नसल्याने आकड्यात काही फरक पडत नाही." मग चोवीस मुलांना घरी पाठवलं.

सुमनने त्या दिवशी एकटीने सगळी शाळा कपाटात भरली. दोन आठवडे मुकाट कामावर आली. गेल्या शुक्रवारी तिने चार ओळींची चिठ्ठी दिली, की महिन्याची नोटीस देते आहे आणि सोमवारपासून उरलेली रजा घेते आहे. श्यामलाताईंनी चिठ्ठी फायलीत लावली. 'ठीक आहे' एवढंच म्हणाल्या. रात्री मात्र त्यांना झोप लागली नाही.

आणि कमिटी? तिने त्या बंदनंतर ठराव केला होता. या टर्ममध्ये पुन्हा एकदा ऐनवेळी शाळा बंद ठेवावी लागली, तर शाळा ईस्टरला कायमची मिटायची. आठ घरांनी आधीच दुसऱ्या नर्सरीत नावं घालून ठेवली होती.

त्या बुधवारी साडेसातला एजन्सीने लिंडा नावाची बाई कबूल केली. जुनी लेव्हल टू, फर्स्ट एड नाही, पण साडेआठला पोहोचेल. श्यामलाताईंनी सुस्कारा सोडला. केरी होती, लिंडा होती, आपण होतो. तीन. फर्स्ट एडला आपण आहोतच. दाट धुक्यातून, एकामागून एक राउंडअबाउटचे गोल चौक पार करत त्या आठच्या आत शाळेत पोहोचल्या, आणि कोट न काढता बोर्डासमोर उभ्या राहिल्या. डॉनची पट्टी उतरवली. लिंडासाठी कोऱ्या पट्टीवर नाव लिहिलं. आपल्या नावापुढची हिरवी टिकली उगीचच बोटाने दाबून बसवली.

बंदच्या प्रकारानंतर पालकांना धीर यावा म्हणून कमिटीने एक नवीन टूम काढली होती. रोज सव्वाआठला बोर्डाचा आणि सर्टिफिकेटांचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकायचा. डॉनचं सर्टिफिकेट मागे सारून श्यामलाताईंनी आपलं पुढे घेतलं, काच बाहीने पुसली आणि फोटो काढला. नीट आलाय का बघायला तो दोन बोटांनी मोठा केला.

एप्रिल २०२५ पर्यंत. म्हणजे सात महिन्यांपूर्वीच संपलेलं.

त्यांनी चष्मा लावला आणि काचेतून पुन्हा वाचलं. मग तक्ता वाचला. तक्त्यावर त्यांच्या नावापुढे त्यांच्याच अक्षरात मार्च २०२८ लिहिलं होतं.

आणि त्याबरोबर सगळं आठवलं. मार्चमधला शनिवार. याच हॉलमध्ये फर्स्ट एडचा कोर्स, बारा जागा. कोर्स ठरला त्याच दिवशी श्यामलाताईंनी तक्त्यावर शाईने पुढची तारीख घालून टाकली होती, त्यांना कामं आधी उरकायची हौस. मग ऐनवेळी तेरावं माणूस निघालं. अशा वेळी काय करायचं हे त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं. पंगत वाढणाऱ्या बाईने शेवटी बसायचं असतं. पान कमी पडलं तर ते तिचं. त्यांनी आपलं नाव काढलं, तेराव्या माणसाचं घातलं, आणि दिवसभर सगळ्यांना चहा करून दिला. आपण जूनमधला कोर्स करू म्हणाल्या. जूनमध्ये सतीशचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. आणि तक्ता त्यांना काय आठवण करून देणार, तक्त्याच्या मते त्या २०२८ पर्यंत सुखरूप होत्या.

केरीचा कोर्स अजून व्हायचा होता, येत्या जानेवारीत. लिंडाकडे नव्हतं. डॉन अंथरुणात. मग राहिली कोण? तेरावं माणूस. सुमन.

सुमनला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तो वाजून वाजून थांबला.

मग फोन आला परीक्षितचा, कमिटीच्या अध्यक्षाचा. वय अडतीस, जन्म कॉव्हेंट्रीचा, मुलगी सान्वी याच शाळेत. मराठी बोलायची त्याला मनापासून आवड होती. व्याकरण त्या आवडीच्या मागून धापा टाकत यायचं. "श्यामलामावशी, फोटो नाही आला अजून. एव्हरीथिंग ओके?"

श्यामलाताईंनी सांगितलं. एका दमात, स्वतःला थांबायला वेळ न देता.

 "ओके. लिसन," तो म्हणाला. "एप्रिलपासून काय झाला? काहीच नाही झाला ना? मग आज एक दिवस काय होणार? तुम्हाला सगळा फर्स्ट एड येतो. तो फोटो जरा ब्लर येऊ दे."

"परीक्षित, अनिश आहे आज."

"त्याची पेन कशी द्यायची तुम्हाला माहीत आहे, मावशी. कागद संपला म्हणून तुम्ही विसरलात का? शाळा बंद नाही झाला पाहिजे. सेकंड टाइम झाला तर मी कमिटीला नाही थांबवू शकत. एकवीस वर्षं तुमचे. प्लीज."

त्याचं बोलणं खोटं नव्हतं, आणि तोच त्रास होता. ॲलर्जीच्या झटक्याला द्यायचं इंजेक्शनचं पेन त्या झोपेतही देऊ शकल्या असत्या. फोटो हलवून काढणं अर्ध्या सेकंदाचं काम. कोणी वाचलं नसतं, कोणी विचारलं नसतं. बोट कॅमेऱ्याच्या बटणावर होतं, आणि खरं सांगायचं तर ते बराच वेळ तिथेच होतं.

"केरी," त्यांनी शेवटी हाक मारली, "शाळा मांड. दार मात्र मी येईपर्यंत उघडायचं नाही. मी आले नाही तर अजिबात उघडायचं नाही."

आठ वीस झाले होते. सुमनचं घर गाडीने सात मिनिटांवर, पण धुक्यात दहा लागली. बेल वाजवली तर गिरीशने दार उघडलं, गळ्यात हेडफोन, पायात स्लिपर. "अरे, ताई! या ना आत."

श्यामलाताईंनी पाऊल उचललं आणि तिथेच थांबवलं. घरभर खमंग वास सुटला होता. दाणे भाजल्याचा.

"नको. मी इथेच थांबते," त्या म्हणाल्या. "सुमनला बोलावता?"

सुमन पॅसेजमध्ये आली, पदराला हात पुसत. एक उंबरठ्याच्या आत, एक बाहेर धुक्यात. "बोला," ती म्हणाली.

"डॉन आजारी आहे."

"एजन्सीला सांगा. लेव्हल टूवाली मिळेल एखादी."

"मिळाली. आकडा पुरा आहे."

"मग माझं काय काम?"

इथे सांगण्यासारखं बरंच होतं. अनिश तुझी आठवण काढतो, असं म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. श्यामलाताईंच्या ओठांवर ते आलंही. पण त्या म्हणाल्या, "माझं फर्स्ट एडचं सर्टिफिकेट एप्रिलमध्येच संपलंय. मला आज कळलं."

सुमनने हात पुसायचे थांबवले. "तुमचं?"

"माझं."

"सगळ्यांच्या तारखा तर तुम्हीच ठेवता."

"हो."

गिरीश हळूच आतल्या खोलीत गेला. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या पुरुषाला कुठून निघून जावं हे बरोबर समजतं.

"म्हणजे आज बोर्डावर मी कुठे?" सुमनने विचारलं.

श्यामलाताईंना खोटं बोलता आलं नाही. "एक्स्ट्रा. मोजणीतल्या तिघी पुऱ्या होतात."

"आणि मी नाही आले तर?"

"दार उघडणार नाही."

"परीक्षित म्हणाला असेल, उघडा."

"म्हणाला."

"मग उघडायचं होतं. कोणाला कळणार होतं?"

"तुला त्या दिवशी दारात जे बोलले, ते नियमापायी बोलले," श्यामलाताई म्हणाल्या.  "आज माझ्यावर वेळ आली म्हणून नियम गुंडाळून ठेवला, तर मग तुला बोलले ते कशापायी? नुसता तुझा अपमान करायला? नियम बरोबर होता, सुमन. पण चारचौघांत, पालकांसमोर, त्या शब्दांत नको होतं. ते माझं चुकलं. फार चुकलं."

 सुमनचे डोळे भरले होते, पण चेहरा कडकच होता. "तीन आठवडे लागले तुम्हाला हे म्हणायला," ती म्हणाली. "मी रोज वाट बघितली. रोज."

"माहीत आहे."

"काही माहीत नाही तुम्हाला." तिने घड्याळ बघितलं. आठ पस्तीस. मग आपल्या हातांकडे, साडीकडे बघितलं, आणि एकदम ओरडली, "अहो ताई, किलोभर दाणे भाजलेत मी! केसांत वास, कपड्यांत वास. अशी कशी येऊ अनिशजवळ?"

"किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं. केस धुवावे लागतील. तुम्ही आत येऊ नका, कशाला हात लावू नका, गाडीत बसा." आणि ती धावत जिन्याने वर गेली.

श्यामलाताई गाडीत बसल्या. आठ चाळीस. आठ पंचेचाळीस. समोरच्या रेडवेवरून, पायी जाणाऱ्यांच्या लाल वाटेवरून, मुलं आयांबरोबर शाळांना चालली होती, धुक्यात नुसती रंगीत जाकिटं दिसत होती. फोनवर केरीचा मेसेज आला, दाराशी सहा पालक आलेत. मग आला, अकरा आलेत. ती जागा माझी होती, मी तुला दिली, हे सुमनला सांगून टाकावं असं त्यांना एकदा फार वाटलं. सांगितलं असतं तर तिचा राग अर्धा झाला असता. पण वाढलेलं बोलून दाखवू नये. 

आठ अठ्ठेचाळीसला सुमन ओल्या केसांनी, कपाटातला धुतलेला ड्रेस घालून आली.  वाटेत शेवटच्या राउंडअबाउटवर पुढे लॉरी अडकली तेव्हा सुमन नागपुरी थाटात त्या लॉरीला असं काही बोलली, की श्यामलाताईंना एवढ्या काळजीतही हसू आवरावं लागलं.

नऊला दोन मिनिटं कमी असताना त्या पोहोचल्या. दाराशी सगळे पालक, पुढे सूट घातलेला परीक्षित, हाताला सान्वी. सुमनला बघून त्याचा जीव भांड्यात पडला. "ग्रेट! चला, उघडू या."

"एक मिनिट," श्यामलाताई म्हणाल्या आणि पालकांकडे वळल्या.  मग तीन आठवड्यांपूर्वी ज्या पायरीवर उभ्या होत्या त्याच पायरीवरून, त्याच इंग्रजीत त्यांनी सांगितलं, की माझं फर्स्ट एड सात महिन्यांपूर्वी संपलं, ते माझ्या लक्षात आलं नाही, चूक सर्वस्वी माझी आहे, कमिटीला मी लेखी देणार आहे. आणि आज हे दार फक्त सुमनमुळे उघडतं आहे.

 एका बापाने भुवया चढवल्या. अनिशच्या आईने मात्र सुमनच्या ओल्या केसांकडे बघितलं, ते का ओले आहेत ते कळल्यासारखी मान हलवली, आणि अनिशचा हात सुमनच्या हातात दिला.

"मावशी, सगळ्यांना सांगायला कशाला पाहिजे होता?" परीक्षित दातांतल्या दातांत पुटपुटला. "आता कमिटी काय म्हणेल?"

"म्हणू दे. शाळा वेळेवर उघडली ना?" श्यामलाताईंनी घड्याळ दाखवलं. बरोबर नऊ.

आत जाऊन त्यांनी आपल्या नावापुढची हिरवी टिकली काढली आणि सुमनच्या नावापुढची घट्ट दाबली. फोटो काढला. स्वच्छ आला.

बारा वाजता मुलं गेली. लिंडा गेली, केरीही गेली. श्यामलाताई कमिटीसाठी लेखी कबुली लिहायला बसल्या, आणि एप्रिलपासूनची हजेरी काढली. डॉन ज्या दिवशी नव्हती ते दिवस शोधायचे होते. शाळा बंद राहिली तो सोडला, तर चार निघाले. मे, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर. चारही दिवशी फर्स्ट एडपुढे त्यांनी ठसक्यात आपलं नाव लिहिलेलं. आणि चारही दिवशी हजेरीत सुमन.

त्यांनी पुन्हा एकदा पानं उलटली. मग चारही तारखा कागदावर उतरवल्या आणि कागद सुमनपुढे सरकवला. ती चटया गुंडाळत होती.

"हे काय?"

"या चार दिवशी तू नसतीस तर शाळा बेकायदा चालली असती. आणि मला कळलंही नसतं."

सुमनने वाचलं. पुन्हा वाचलं. "मला त्या दिवशी म्हणालात, मी असल्याने फरक पडत नाही," ती हळू म्हणाली.

"म्हणाले."

त्या चार दिवशी आपण हजर होतो याची सही करण्यासाठी तिने पेन घेतलं आणि कागदाखाली ठेवायला फाईल ओढली. ती फर्स्ट एडची फाईल होती. उघडली तर वरच मार्चच्या कोर्सची यादी. बारा नावं. अकराव्या ओळीवर 'श्यामला टिपणीस' खोडलेलं, आणि वर श्यामलाताईंच्या अक्षरात 'सुमन'.

श्यामलाताईंनी फाईल मिटायला हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

"ही जागा तुमची होती?"

"तू नवीन होतीस. मला वाटलं..."

"काय वाटलं?" सुमन कडाडली. सकाळीही ती इतकी चिडली नव्हती. "मला कोणी विचारलं? मी जूनमध्ये केला असता ना! चोवीस लेकरांची गोष्ट आणि तुम्ही लग्नाची पंगत वाढताय? मी शेवटी बसते, मी शेवटी बसते! आणि शेवटी पान राहिलंच नाही तर?"

श्यामलाताईंनी एकवीस वर्षांत कोणाचं एवढं ऐकून घेतलं नव्हतं. आज घेतलं. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

सुमनने फायलीतून सहा डिसेंबरच्या कोर्सचा कोरा तक्ता ओढला. पहिल्या ओळीवर ठळक अक्षरांत 'श्यामला टिपणीस' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. "हे आता खोडायचं नाही. तेरावं आलं तरी नाही. चौदावं आलं तरी नाही."

मग चार तारखांच्या कागदावर सही केली. श्यामलाताईंनी पोह्यांचा डबा काढला, सवयीने अर्धे पोहे झाकणात काढून सुमनपुढे केले. सुमनने झाकण उचलून त्यांच्याच पुढे ठेवलं. "आधी तुम्ही."

श्यामलाताईंनी पहिला घास घेतला. पोहे गार झाले होते. नोटिशीची चिठ्ठी पलीकडच्या फायलीत होती. ती परत घे, असं म्हणायचा त्यांना धीर झाला नाही.

"डॉन उद्याही नाही," त्या एवढंच म्हणाल्या.

"माहीत आहे. अठ्ठेचाळीस तास." सुमन चटईला दोरी बांधायला लागली.  मग गाठ आवळता आवळता, वैतागल्यासारखी म्हणाली, "ताई, तुमच्या ओळखीत कोणाला दाणे हवेत का हो? किलोभर भाजलेत. घरात ठेवून आता काय करू?"